सव्वा मूठ कुणाच्या नावाची?

पत्र

मावशी, माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं आणि सासर सुरतच्या उधन्याचं. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. वडील जाऊन येत्या पौषात दोन वर्षं होतील. गेल्या श्रावणात वर्षाच्या आत होतो म्हणून कानबाईचे रोट केले नाहीत. आमची कानबाई आजोबांपासून आमच्याच घरी बसते, वडील थोरले म्हणून. आप्पांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या घरचे सगळे रोट खायला आमच्याकडे येतात.

यंदा आईनं घर रंगवायला काढलं आणि आप्पा येऊन सांगून गेले, "वहिनी, आता घरात माणूस नाही. रोट कुणाच्या नावाचे करणार? कानबाई आमच्याकडे द्या. तुम्ही दर्शनाला या, पण मांडणीला हात नका लावू." जाता जाता असंही म्हणाले, की घर तरी पुढेमागे पोरांकडेच यायचं आहे.

आई त्यांना काही बोलली नाही. मी गेले तेव्हा ती गव्हाच्या कोठीपाशी बसलेली. मूठ भरायची आणि परत सोडायची. मला म्हणाली, "आते रोट कोना नावना टाकू?" बेचाळीस वर्षं ती या घरात कानबाई करते आहे. मी कानबाई सुरतला आणून बसवू का? आप्पांना देऊन टाकू का? की भांडू? नवरा म्हणतो, नारळापायी भाऊबंदकी तोडू नका.

उत्तर

बेटा, कानबाई आप्पांकडे देऊ नका आणि सुरतलाही नेऊ नका. यंदा ती तुझ्या आईच्या घरी, तिच्याच हातानं बसू दे. भांडायची वेळ येईल असं मला वाटत नाही, पण बोलावं मात्र लागेल आणि तेही श्रावण लागायच्या आत.

हे सदर खान्देशाबाहेरही वाचलं जातं, म्हणून चार ओळी त्यांच्यासाठी. कानबाई ही आमची देवी. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती आमच्याकडे घरोघरी बसते. त्याआधी घराला रंग लागतो, भांडं न् भांडं घासलं जातं. कामाला गेलेली भाऊबंदकी नाशिक, पुणे, कल्याण, सुरतहून गावी येते. गहू आणि हरभऱ्याची डाळ सव्वाच्या मापानं मोजून निघते. पुष्कळ गावांत चक्कीवाला आधी चक्की धुऊन घेतो आणि त्या दिवशी रोटांचंच दळण दळतो. पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी असा नैवेद्य, कांदा-लसूण नाही. चौरंगावर नारळाची कानबाई मांडायची. तिला डोळे, नाक, नथ, दागिने. काही घरांत तो नारळ पिढीजात असतो, काही घरांत दरसाल नवा. रात्रभर अहिराणी गाणी, आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन बायका वाजतगाजत, फुगड्या घालत नदीवर जातात. रोट, म्हणजे त्या मोजलेल्या धान्याचा नैवेद्य, घरच्यांनीच, भाऊबंदकीतल्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. आणि त्या गव्हाचं माप घरातल्या पुरुषांवर असतं. एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ.

तुझ्या आईचा हात तिथेच अडला आहे.

ते माप मी लग्न होऊन आले त्या वर्षी पहिल्यांदा जवळून पाहिलं. आमचं गाव धुळे तालुक्यात, पांझरेच्या काठी. सासूबाई सुपात गहू घेऊन बसायच्या आणि मूठ भरताना नाव घ्यायच्या. मामंजींचं, दिरांचं, पुतण्यांचं, अगदी पाळण्यातल्या पोराचंसुद्धा. आधी भरलेली मूठ, मग वर चिमटीचिमटीनं पाव. ज्या वर्षी माझ्या मुलाची पहिली मूठ पडली, त्या वर्षी सगळ्या बाया माझ्याकडे बघून हसल्या आणि मला कुठे बघावं कळेना. आणि ज्या वर्षी मामंजींचं नाव गाळायचं होतं, त्या वर्षी सासूबाईंची मूठ नावाच्या जागी येऊन थांबली. कोणी काही बोललं नाही. मग धाकट्या जावेनं पुढच्याचं नाव मोठ्यानं घेतलं, तेव्हा कुठे हात पुढे सरकला. म्हणून तू लिहिलेलं, मूठ भरायची आणि परत सोडायची, ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोड्या वेळानं परत हातात घेतलं.

सासूबाईंच्या मागे तीन मुलगे होते. नावं होती. तुझ्या आईपुढे सूप रिकामं आहे. यात तिला दोन दुःखं एकदम झाली आहेत: नवरा गेल्याचं, आणि त्याच्याबरोबर आपणही या घराच्या मोजणीतून गेलो की काय याचं. पहिल्याला माझ्याकडे उपाय नाही. दुसऱ्याला आहे.

मोजणी पुरुषांची असली तरी बाकी सगळं कोण करतं ते बघ. नारळ कोणत्या डब्यात आहे, नथ कुठल्या पुडीत बांधली आहे, चौरंगाखाली काय घालायचं, पुरण किती शिजलं म्हणजे उतरवायचं, कोणतं गाणं कोणत्या वेळी म्हणायचं, हे आप्पांना विचारून बघ. आप्पा चांगले असतील, देवाला भिऊन असतील, पण हे त्यांना सांगता येणार नाही. आमच्याकडेही माणसं वाजंत्री ठरवतात, मांडव घालतात, केळीचे खांब आणतात आणि मग ओट्यावर बसतात. आत जे होतं ते बायकांच्या हातून बायकांच्या हातात जातं. तुझ्या आजीनं ते तुझ्या आईला दिलं. तुझ्या वडिलांच्या हातून ते कधी गेलंच नव्हतं, मग त्यांच्या जाण्यानं ते कसं सुटेल?

आता रोटांचं. माझा सल्ला असा, की तुझ्या आईच्या नावाची सव्वा मूठ घ्या. लग्न होऊन ती या कुळात आली त्या वर्षापासून या कुळाचा रोट खाते आहे. रोट कुळाच्या माणसानंच खायचा हा नियम ज्यांना पाळायचा आहे, त्यांनीच बेचाळीस वर्षं तिच्या ताटात रोट वाढला. म्हणजे ती कुळाची आहे हे त्यांनी कधीच मान्य केलेलं आहे. माझ्या ओळखीच्या दोन घरांत आता घरातल्या प्रत्येकाच्या नावानं मूठ घेतात, सुना आणि लहान मुलींसकट. एका घरात हे सुरू करणारी त्या घरची सगळ्यात म्हातारी बाई होती. पणतीची मूठ स्वतःच्या हातानं घातली आणि म्हणाली, ही काय भाकर खात नाही का?

वडिलांच्या नावाची मूठ मात्र घालू नका. तसं करावंसं तुला वाटेल, मला कळतं. पण रोट जिवंत माणसांचे असतात अशी जुन्या माणसांची समजूत आहे आणि तिला उगाच दुखवू नये. वडिलांसाठी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर आहे, पितृपक्ष आहे. त्यांचं तिथे करा, मनापासून करा.

आणि सूप तसं रिकामंही राहणार नाही. तुमची कानबाई सगळ्या भाऊबंदकीची आहे, आप्पांचे रोटही तिच्यापुढेच येतात. आप्पांच्या, त्यांच्या मुलांच्या, नातवांच्या मुठी त्याच सुपात पडू देत. सगळ्यांच्या मुठी आईनं घ्याव्यात, नावं घेऊन घ्याव्यात. पुतण्यांची नावं घेताना तिचा हात थांबणार नाही. ती पोरं तिच्याच मांडीवर वाढली असतील.

"हात नका लावू" याबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही.

आमच्या घरात एक जिजी होत्या, माझ्या आजेसासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई. ऐन तिशीत नवरा गेलेला. रविवारची अख्खी रात्र त्यांच्या गळ्यावर चालायची. बाकीच्या बायका धृपद धरायच्या, कडवं जिजींचं. पहाटेपर्यंत आवाज बसून जायचा. आणि सोमवारी चौरंग उचलायची वेळ आली की जिजी आपणहून मागे सरायच्या, ओट्यावरच्या खांबाला धरून उभ्या राहायच्या. मिरवणूक वळणाआड गेली की आत जाऊन खरकटी काढायच्या. मी नवी होते, मला वाटायचं त्या थकल्या असतील. पुढे समजलं. एका वर्षी पाऊस चांगला झालेला, पांझरेला पाणी होतं, आणि सासूबाईंनी काही न बोलता चौरंग उचलला आणि जिजींच्या डोक्यावर ठेवला. वाजंत्रीवाल्यांचा हात क्षणभर थांबला असावा, कारण मला ती शांतता आठवते. जिजी दहा-बारा पावलं चालल्या. मग म्हणाल्या, "आते ले माय, मान दुखस." सासूबाईंनी चौरंग परत घेतला आणि सगळ्या पुढे निघालो. कुणाच्या घरावर काही कोसळलं नाही. त्या साली कापूस चांगला निघाला होता. त्याचा याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण ज्यांना संबंध लावायचेच असतात त्यांच्यासाठी सांगून ठेवते. त्यानंतर जिजी जगल्या तोवर दरसाल नदीपर्यंत आल्या.

सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी हे कुठल्या ठरावासाठी केलं नव्हतं. पण आता ठरावही आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हा कागद आप्पांच्या तोंडावर धरू नकोस, माणूस कागदानं हट्टाला पेटतो. पण गावात कोणी म्हणालं की हे कसलं नवीन खूळ, तर तुला माहीत असावं म्हणून सांगितलं.

आप्पांशी बोलणं आईवर टाकू नकोस आणि फोनवरही बोलू नकोस. आषाढातच दोन दिवस काढून ये. सुरतहून भुसावळकडे येणारी गाडी अमळनेरला उतरवते, तुला नवीन नाही. आधी आप्पांकडे जाऊ नकोस. भाऊबंदकीतली सगळ्यात थोरली बाई कोण आहे? आजेचुलती, थोरली काकू, कोणीतरी असेलच. तिच्याकडे जा. पाया पड, चहा घे, आणि सरळ विचार, "आमच्या घरात कधी एखादी बाई एकटी राहिली होती का? तेव्हा रोटांचं काय केलं?" बेटा, चार पिढ्यांत एकदाही बाई एकटी राहिली नाही असं घर नसतं. प्लेग येऊन गेला, साथी येऊन गेल्या, माणसं कामाला गेली ती परतली नाहीत, तरी कानबाई बसतच राहिली. म्हातारीच्या तोंडून जुना दाखला निघाला, तर आप्पांना तुझं ऐकावं लागत नाही. त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांचं ऐकावं लागतं, आणि ते त्यांना जड जाणार नाही.

मग त्या थोरल्या बाईला बरोबर घेऊन आप्पांकडे जा. आप्पांच्या मनात खरी भीतीही असू शकते हे धरून चाल. देवीचं काही चुकलं तर नातवंडांना बाधेल, असं वाटणारी माणसं आमच्याकडे खूप आहेत आणि ती वाईट नसतात. म्हणून हक्काची भाषा आधी काढू नकोस. असं काहीसं म्हण, "आप्पा, कानबाई आजोबांनी या घरात बसवली, ती यंदाही इथेच बसू द्या. मांडणी आई करेल, तिला सगळं येतं. आरतीला दादा आणि वहिनी जोडीनं उभे राहतील. तुमच्या सगळ्यांच्या मुठी आईच घेईल. तुम्ही मांडवाचं बघा." आप्पांच्या थोरल्या मुलाला आणि सुनेला आरतीचा मान दिला तर तुमचं काही कमी होत नाही. पुष्कळ घरांत जोडप्याच्या हातून पूजा करायची पद्धत असते आणि आप्पांच्या मनातली अर्धी अडचण तिथेच सुटेल. ती सून नव्या हाताची असेल तर आईजवळ बसेल, शिकेल. पुढे कधी आई थकली, तिला वाटलं की आता नारळ त्या सुनेच्या ओटीत घालावा, तर ती घालेल. ते तिनं द्यायचं आहे, दुसऱ्यानं येऊन न्यायचं नाही.

आता ते वाक्य, जे तू जाता जाता लिहिलंस: घर तरी पोरांकडेच यायचं आहे.

आप्पा सहज बोलले असतील. पण कानबाई ज्या घरी बसते ते थोरलं घर, हे गावात सगळ्यांना कळतं, आणि एकदा नारळ हलला की पुढचं बोलणं सोपं होतं. म्हणून रोटांचा विषय आणि घराचा विषय एका बैठकीत येऊ देऊ नकोस. घराचा कोणी काढलाच, तर "ते नंतर बोलू" म्हण आणि उठ. दरम्यान कागद बघून घे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मिळकतीच्या पहिल्या वर्गाच्या वारस तुम्ही तिघी आहात, आई आणि दोघी बहिणी, सारख्या वाट्यानं. तुम्ही असताना त्यांचे भाऊ किंवा पुतणे त्यात येत नाहीत. वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. ९ सप्टेंबर २००५ पासूनची ती दुरुस्ती आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्या-नसण्याशी तो हक्क बांधलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. शेत अजून एकत्र असेल तर आप्पांचा त्यांचा वाटा आहेच, तो त्यांचाच. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली आहे का ते तलाठ्याकडे विचार, घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून ठेव. आणि हक्कसोडपत्रावर दोघी बहिणींपैकी कोणीही, कितीही मायेनं कोणी म्हणालं तरी, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आपल्याकडे बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात. आई हयात असताना, ती त्या घरात एकटी राहत असताना तर मुळीच नको.

सुरतचं राहिलं. उधन्याला, लिंबायतला आपली माणसं इतकी आहेत की तिथेही कानबाई बसतात आणि त्यांना तापीचं पाणीही मिळतं. तुझ्या सासरची असेल तर ती मनापासून कर. पण माहेरची तिथे नेलीस तर तुझी आई पाहुणी म्हणून येईल, तुझ्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे आहे हे विचारत बसेल. तिच्या बरोबरीच्या बाया, तिची गल्ली, तिच्या गाण्याला धृपद धरणाऱ्या सगळ्या गावात आहेत. आणि गावातलं घर त्या रविवारी बंद राहील. ते नको.

तुझा नवरा म्हणतो नारळापायी भाऊबंदकी तोडू नका. त्याचं म्हणणं काळजीपोटी आहे, त्याला हे पत्र वाचून दाखव. त्याला रजा मिळत असेल तर बरोबर आण. जावई ओट्यावर आप्पांशेजारी बसला, मांडवाला हात लावला, तर तुम्ही भांडायला आलेल्या नाहीत हे सगळ्यांना दिसेल. तू लग्न झालेली आंडेर, म्हणजे लेक, माहेरचा रोट बहुतेक घरांत तुला चालत नाही. तुमच्याकडेही चालत नसेल तर त्यावर यंदा हट्ट धरू नकोस. यंदा आईचं ताट महत्त्वाचं आहे.

आणखी एक काम तुझ्याकडे देते. शनिवारी रात्री किंवा रविवारी दुपारी, पुरण शिजत असताना, आईला गाणी म्हणायला लाव आणि मोबाईलवर घे. सगळी. अर्धवट आठवणारीसुद्धा. जिजींची मी घेतली नाहीत. तेव्हा मोबाईल नव्हते, पण वही होती, पेन होतं, आणि मला वाटायचं जिजी आहेतच. आज त्यांच्या गाण्यांपैकी मला चार पुरती येतात आणि सहा-सातांचं नुसतं पहिलं कडवं. बाकी गेली. तू तुझ्या आईची जाऊ देऊ नकोस. मग सावकाश बसून वहीत उतरव, आणि उतरवताना शाळेतलं मराठी करू नकोस. ती पुरनपोयी म्हणाली असेल तर पुरनपोयीच लिही.